कचरापट्टीची दवंडी

तालुक्याच्या गावात माझं कटलरीचं छोटं दुकान होतं. बांगड्या, कंगवे, रिबिनी, टिकल्यांची पाकिटं. पण लोक मला ओळखायचे ते भोंग्यावरच्या आवाजामुळे. टॉकीज चालू होती तोवर नवा पिक्चर लागला की टांग्यात माईक घेऊन गावभर हिंडायचं काम माझं. पुढे टांगे गेले, ऑटो आले, टॉकीजला कुलूप लागलं, तरी माझं बोलणं चालूच राहिलं. पोलिओचा डोस, नळाला पाणी न येण्याची सूचना, सर्कस, साड्यांचा सेल, बाजारात चुकलेलं एखादं लेकरू, सगळं मीच सांगायचो. एकदा नांदेडच्या गाडीत मी कंडक्टरला तिकीट मागितलं, तर पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "तुमी भोंग्यावाले ना?" तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं.

भोंगा, ॲम्प्लिफायर, बॅटरी हे सगळं मोठ्या भावाचं. आमचा तांडा पुसेगावच्या पुढे. वडिलांनी आम्हा दोघांना शिकायला तालुक्याला आणून ठेवलं आणि आम्ही तिथलेच झालो. दादा शाळेत रमला नाही, पण तारा जोडायला लवकर शिकला. मंडप आणि साउंडचा त्याचा धंदा चांगला बसला. आमचे दोघांचे चेहरे वेगळे, आवाज मात्र सारखा. फोनवर माझी बायकोसुद्धा फसायची. घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी बोली बोलायचो, माईकवर शुद्ध मराठी. म्हणजे मी बोलायचो. दादा माईक फक्त जोडून द्यायचा. 'हॅलो, हॅलो' याच्या पुढे तो कधी गेलेला मला आठवत नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे घंटागाडी आली. त्याआधी कचरा म्हणजे कोपऱ्यावरची सिमेंटची कुंडी, तिच्याभोवती डुकरं, आणि उन्हाळ्यात तिला लावलेली आग. घंटागाडीचं लोकांना फार अप्रूप वाटलं. बायका आवाज ऐकून बादल्या घेऊन पळत दारात यायच्या. काम एका बाहेरच्या ठेकेदाराला दिलेलं होतं. घरपट्टीच्या बिलात कचरापट्टी म्हणून एक छोटीशी रक्कम वाढली, तिच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. वर्षभरानं दादानं एक जुना टेम्पो घेतला आणि त्या ठेकेदाराकडे भाड्यानं लावला. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मीच टेम्पोला नारळ फोडला.

मग एका हिवाळ्यात बिलं आली आणि कचरापट्टीचा आकडा दुपटीच्या वर गेलेला दिसला. बाकी बिल जसंच्या तसं. ज्यांच्या घरात एकच खोली आणि पुढे पत्र्याची पडवी, त्यांनाही तेवढंच.

दुकान उघडून मी उदबत्ती लावत होतो, तर आमच्या गल्लीतल्या सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. नवरा वारलेला, स्वतःच्या हिमतीवर घर बांधलेलं, गल्लीतल्या प्रत्येक लेकराला कधी ना कधी त्यांनी सुई टोचलेली. त्यांचं बोलणं मोजकं आणि सरळ. बिल काउंटरवर ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी हे भोंग्यावर सांगितलं म्हणं. मंग आपल्या गल्लीत काहून न्हाई आले?"

मला काही कळेना. मी म्हणालो, मी असं काही सांगितलेलं नाही. त्या नगरपालिकेत जाऊन आल्या होत्या. तिथल्या बाबूनं त्यांना सांगितलं होतं, की दर वाढवण्याआधी रीतसर जाहीर नोटीस दिली, हरकती घ्यायला महिनाभराची मुदत दिली, एकही हरकत आली नाही, म्हणून वाढ मंजूर झाली. पावसाळ्यात भोंग्यावरून दवंडी पण झाली. कोणी दिली असं सिस्टरांनी विचारलं, तर बाबू म्हणाला, गावात दवंडी देणारा आहेच कोण दुसरा.

"मी न्हाई दिली, सिस्टर," मी पुन्हा म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बिल उचलून गेल्या. त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता, हे मला लगेच कळलं. जन्मभर आवाजाचंच काम केलेलं, तेवढं तर कळणारच.

त्याच दुपारी मी नगरपालिकेत गेलो. करवसुलीचा बाबू माझ्या ओळखीचा. पोलिओच्या आणि पाण्याच्या सूचनांचे कागद तोच मला द्यायचा. त्या दिवशी त्यानं चहा सांगितला नाही. मी विचारलं तेव्हा तो बोटांवर मोजत म्हणाला, की कायद्यात जे जे लागतं ते ते केलेलं आहे. नोटीस बोर्डावर लावली, वर्तमानपत्रात छापली, भोंग्यावर सांगितली. बोर्ड कुठं आहे हे मला ठाऊक होतं. जिन्याखाली, जाळीच्या दाराआड, आणि त्या जाळीला टेकून जुनी लोखंडी कपाटं उभी केलेली. एखाद्याला नोटीस वाचायची तर आधी कपाट हलवावं लागलं असतं. वर्तमानपत्र कोणतं विचारलं, तर त्यानं एका साप्ताहिकाचं नाव घेतलं. ते मी कधी ऐकलं नव्हतं. बस स्टँडवरच्या पेपरवाल्याला जाऊन विचारलं, तर त्यानंही ऐकलं नव्हतं, आणि तो तर गावात येणारं प्रत्येक छापील पान विकायचा.

"आणि भोंग्यावर कोण बोललं?" मी बाबूला विचारलं होतं.

तो हसला. "तुमीच ना. आता इसरले व्हय?"

कागद दाखवा म्हणालो, तर अर्ज करा म्हणाला. मी पायऱ्या उतरलो तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं, की या इमारतीत माझ्या नावावर काहीतरी केलेलं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला सोडून.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुकानात येणाऱ्या बायका पूर्वी टिकल्या निवडता निवडता घरच्या गोष्टी सांगायच्या, आता सामान घेऊन निघून जायच्या. चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं बदलायचं. एकानं तोंडावर विचारलं, ठेकेदारानं काय दिलं म्हणून. दुसरा म्हणाला, दादाचा टेम्पो तिकडंच चालतो ना, मग घरातलंच काम. मला राग यायचा आणि मीही मनातल्या मनात एकेकाला तपासायला लागलो. बाबू खोटं बोलतोय हे नक्की, पण कुणासाठी? सिस्टर इतक्या पुढं पुढं का करून राहिल्या, त्यांना निवडणुकीला तर उभं राहायचं नाही ना? टपरीवाल्याच्या भावाला गटारीचं काम कसं मिळालं? एका बिलानं साऱ्या गावाकडे पाहायची माझी नजर बदलली. रस्त्यात दोन माणसं बोलत उभी दिसली की माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

जेवताना एकदा बायकोनं ताटात भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, "खरंच न्हाई ना दिली? कदी कदी तुमी कागूद वाचून मोकळे व्हता, काय वाचलं ते ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी जेवण तसंच ठेवलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एका दिवशी चार-चार कागद वाचायचो मी. पण पावसाळ्याच्या ज्या आठवड्यात दवंडी झाली असं बाबू सांगत होता, त्या आठवड्यात सासरे आजारी म्हणून आम्ही दोघंही कळमनुरीला होतो. दुकान बंद होतं. मी तिला त्याची आठवण करून दिली. तिचा चेहरा मोकळा झाला, पण मला मात्र घरच्या माणसाला पुरावा द्यावा लागला याचं वाईट वाटलं.

इकडे सिस्टरांनी गल्लीगल्लीतून सह्या गोळा केल्या. माझ्या दारात त्या आल्या नाहीत. मीच जाऊन सही केली. त्यांनी पेन पुढं केलं.

मुख्याधिकारी नवीनच बदलून आले होते. तरुण होते, कमी बोलायचे, आणि अजून गावातल्या कोणत्या गटात बसले नव्हते. त्यांनी नगरपालिकेच्या सभागृहात लोकांना बोलावलं. सभागृह भरलं. ठेकेदार आला नाही, त्याचा माणूस आला. दादा आला होता. मागच्या भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, माझ्यासाठी आलाय.

बाबूनं फाईल वाचून दाखवली. बोर्ड, साप्ताहिक, भोंगा. सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, की बोर्ड दिसत नाही, पेपर मिळत नाही, आणि भोंगा ऐकलेला एक माणूस या सभागृहात असेल तर त्यानं हात वर करावा. हात वर झाला नाही. तेव्हा बाबू म्हणाला, "साहेब, आपल्याकडे कॅसेट आहे."

मी दचकलो. आजवर मी बोललेल्या एकाही सूचनेची कॅसेट पालिकेनं ठेवून घेतली नव्हती. ऑटोतल्या टेपवर तीच तीच कॅसेट पुसून पुन्हा पुन्हा भरली जायची. ही एकच कॅसेट कुणी आणि कशासाठी जपली होती?

टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. आधी खरखर झाली, मग आवाज आला. "तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, नगरपालिका हद्दीतील घनकचरा संकलनाच्या दरात..."

सारं सभागृह माझ्याकडे वळलं. आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की हा मीच आहे. तोच सूर, तीच ओढ, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची तीच पद्धत. कळमनुरी, सासऱ्यांचं आजारपण, सगळं मला स्वप्नासारखं वाटलं. मग कॅसेटवर सूचना दुसऱ्यांदा सुरू झाली आणि 'तमाम' म्हणताना आवाज 'त' वर किंचित अडकला. लहानपणी दादा तोतरा बोलायचा. वडिलांनी मारून मारून ते घालवलं होतं, पण 'त' वर ती बारीक अडखळ शिल्लक राहिली होती. ती फक्त घरच्या माणसाला ऐकू यायची.

मी मागे वळून पाहिलं. दादा भिंतीजवळ नव्हता.

"भाऊ, आवाज तुमचा हाये का?" सिस्टरांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग कोणाचा?"

मी पुन्हा त्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. सभागृहात कुजबुज झाली, कुणीतरी हसलं. मुख्याधिकाऱ्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, तेच वाक्य तुम्ही इथं बोलून दाखवाल का. मी उभा राहिलो. वाक्य बोलून मी खाली बसलो. काहींनी मान हलवली, वेगळा आहे म्हणाले. काहींनी म्हटलं, मुद्दाम बदलून बोलला. अर्ध्या सभागृहाला मी खोटारडा वाटलो आणि उरलेल्या अर्ध्याला खात्री नव्हती.

मी तिथून सरळ दादाकडे गेलो. तो अंगणात बसून मंडपाच्या कनाती मोजत होता. वहिनीनं पाणी आणून दिलं आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहून आत गेली. मी विचारलं. त्यानं नाही म्हटलं नाही. मला तेच अपेक्षित नव्हतं. वाटेत मी त्याला खोटं बोलताना पकडायची तयारी करत आलो होतो.

तो म्हणाला, ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला होता. मी कळमनुरीला होतो, काम अडलं होतं, म्हणून त्यानं स्वतः वाचून कॅसेट भरली आणि ऑटोवाल्याला दिली. पुढचं त्याला माहीत नाही. पोलिओचं वाचायचं तसं हे वाचलं, त्यात काय लिहिलंय याचा त्यानं विचार केला नाही. पालिकेचा कागद ठेकेदाराच्या माणसाच्या हातात कसा, असं मी विचारलं. तर म्हणाला, कागद कुणाच्याही हातात असतो.

"आन गाव मला चोर म्हणून राहिलं, तवा तू काहून गप्प होतास?"

त्यानं कनात घडी करून बाजूला ठेवली. "मला कोणी इचारलंच न्हाई."

एवढंच बोलला तो. रागावून नाही, सहज. आजही ते वाक्य मला त्या कॅसेटपेक्षा स्वच्छ ऐकू येतं.

मी म्हणालो, ऑटोवाला कोण होता ते तरी सांग. त्यानं सांगितलं. तो पोरगा, म्हणजे तसा बाप्याच, गाव सोडून गेला होता आणि कनेरगाव नाक्याला एका धाब्यावर काम करत होता. दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून मी एसटीनं नाक्याला गेलो. ट्रकांच्या रांगेमागे तो मला सापडला, भट्टीपाशी कांदा चिरत बसलेला. मला पाहून त्यानं आधी ओळख दाखवली नाही. मग चहा आणून दिला.

"घुमा ना मैं, बराबर घुमा," तो म्हणाला. कुठं कुठं, असं विचारल्यावर म्हणाला, बाजाररस्त्यानं गेला, कापसाच्या जिनिंगच्या मागून वळला, परत आला. बाजाररस्त्यावर त्या दिवशी बाजार नव्हता आणि दुकानं आठवडी सुट्टीनं बंद. जिनिंगच्या मागे वस्ती नाही, बाभळी आहेत. गल्ल्यांत का गेला नाहीस, असं मी विचारलं. तो पुन्हा कांदा चिरायला लागला. म्हणाला, जिधर बोले उधर गया. कोण बोललं ते आठवत नाही.

मी उठलो तेव्हा तो आपणहून म्हणाला, "आपके दादा बाजू में बैठे थे ना. उनको पूछो."

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसलो होतो. दादा म्हणाला होता, कॅसेट देऊन मोकळा झालो. हा म्हणत होता, शेजारी बसला होता. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. ऑटोवाल्याला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार होतं? पण स्वतःची कातडी वाचवायला माणूस शेजारच्या सीटवर कुणालाही बसवतो, हेही मला कळत होतं. गाव येईपर्यंत माझा काही निर्णय झाला नाही. उतरल्यावर मात्र पाय घराकडे वळले नाहीत.

मी नगरपालिकेत पोचलो तेव्हा मुख्याधिकारी निघायच्या तयारीत होते. मी त्यांना सांगितलं, आवाज माझ्या सख्ख्या भावाचा आहे आणि ऑटो वस्तीतून फिरलेला नाही. तो शेजारी बसला होता, हे मी सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं ते मी सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, हे सगळ्यांसमोर सांगाल का. मी म्हणालो, विचारलंत तर सांगेन.

तशी वेळ आली नाही. पुढच्या आठवड्यात पालिकेनं वाढीव दर थांबवला आणि पुन्हा नव्यानं जाहीर नोटीस काढायचं ठरवलं. बोर्ड जिन्याखालून काढून दरवाजाबाहेर लावला. नोटीस बस स्टँडवर मिळणाऱ्या दोन पेपरांत आली. भोंग्यासाठी मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. मी आधी नको म्हणालो. ज्याच्या आवाजावर गावानं संशय घेतला त्यानंच पुन्हा बोलावं, हे मला नको होतं. मग वाटलं, न बोललो तर लोक म्हणतील, आता तोंड दाखवायला जागा नाही. मी एक अट घातली. ऑटोत माझ्याबरोबर वस्तीतलं कुणीतरी बसलं पाहिजे, आणि भोंगा दादाकडचा नको.

सिस्टर रजा टाकून आल्या. पिशवीत पाण्याची बाटली आणि लाह्यांचा चिवडा घेऊन त्या माझ्या शेजारी बसल्या. कॅसेट आम्ही भरलीच नाही, प्रत्येक ठिकाणी मी तोंडानं बोललो. गल्लीच्या तोंडाशी एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा. नदीकडच्या झोपड्यांत आम्ही गेलो, तिथं आजवर पोलिओखेरीज कुठलीच सूचना गेली नव्हती. तिथली एक म्हातारी काठी टेकत ऑटोपाशी आली आणि विचारलं, गाडी बंद होणार का. मी भोंगा बंद केला. भोंग्यावर प्रश्नाला उत्तर देता येत नाही. गाडी चालू राहणार, पैसे वाढवायचं म्हणतात, तुम्हाला कबूल नसेल तर महिन्याच्या आत लेखी सांगा, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "मला लिवता कुठं येतं." सिस्टरांनी पिशवीतून कागद काढला आणि तिथंच ऑटोच्या सीटवर तिची हरकत लिहून अंगठा घेतला. मग तर रांगच लागली. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही तिथंच होतो.

मधल्या एका गल्लीत ऑटो थांबवून आम्ही चिवडा खाल्ला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "माझा तुमच्यावर इश्वास नव्हता, भाऊ."

"आता हाये का?"

"आता मी सोबत बसून राहिले," त्या म्हणाल्या. मला त्यांचा तो सरळपणा आवडला. त्या खोटं बोलल्या असत्या तर मला कळलं असतं.

हरकतींचा गठ्ठा झाला. सुनावणी झाली, लोक तावातावानं बोलले. शेवटी दर वाढलाच, पण आधी लावला होता तेवढा नाही, आणि एका खोलीच्या घरांना जुनाच ठेवला. लोकांनी कुरकुरत का होईना भरला. त्या वेळी कुणी कुणाकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, कारण सगळं सगळ्यांच्या देखत झालं होतं. बाबूची बदली दुसऱ्या टेबलावर झाली. ठेकेदार तोच राहिला. दादाचा टेम्पोही तिथंच चालत राहिला.

मी मुख्याधिकाऱ्यांना काय सांगितलं हे दादाला कसं कळलं, ते मला माहीत नाही. वहिनी बोलायची बंद झाली. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही. आमचा गेला तो तसाच परत आला. वर्षभर आम्ही रस्त्यात समोर आलो की एकजण दुकानाच्या पाट्या वाचायला लागायचा. मग तांड्यावर वडील वारले आणि आम्हाला एकत्र बसावंच लागलं. दादा मोठा, सगळं त्यानं केलं. त्यानंतर माझ्या मुलीच्या लग्नात मंडप त्यानं घातला, वाकून वाकून खुंट्या ठोकल्या, पाहुण्यांना पाणी विचारलं. आम्ही शेतावर बोललो, पावसावर बोललो, त्याच्या गुडघ्यांवर बोललो. त्या कॅसेटबद्दल एक शब्द निघाला नाही.

एकदा फक्त, तो आमच्या ओट्यावर चहा पीत बसलेला असताना, मी विचारायचं ठरवलं. ऑटोत शेजारी बसला होतास का, एवढंच. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "साखर बराबर हाये ना?" तो व्हय म्हणाला. पुढे दादा वारला आणि ते विचारायचं राहिलं ते राहिलंच.

पुढे मी भोंग्याचं काम सोडलं. आता सूचना मोबाइलवर भरतात, बोलणारा कुठला, ऑटो कुठला, कुणाला पत्ता नसतो. दुकानासमोरून असा एखादा ऑटो गेला की मी काउंटर सोडून बाहेर येतो, हात करून त्याला थांबवतो आणि कुठून कुठून आलास ते विचारतो. चालवणारी पोरं हसतात. काही सांगतात, काही "फिरून राहिलो ना, काका" म्हणून पुढं निघून जातात. मग मी ऐकत उभा राहतो, आवाज नदीकडे वळतो की जिनिंगच्या दिशेनं जातो ते कळेपर्यंत.